जवळा घातलेली किमची

टोकावड्याच्या ढाबेवाल्याला मी कोरियात दोन वर्षं राहिल्याची थाप मारली होती. तेव्हापासून किमची, म्हणजे त्यांचं कोबीचं लोणचं, तो आधी मला चाखवी आणि पंच्याला हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत राही. त्यात तो जवळा घाली. मी ऐटीत म्हणालो, "सुकट काढ. तिकडे नसते." त्याने निमूट काढली.

परवा माळशेजला निघालेलं कोरियन जोडपं जेवायला थांबलं. बाईंनी किमची चाखून फोनवर बारीक सुक्या कोलंबीचा फोटो दाखवला. हीच त्यांना हवी होती.

मी शरमेने कबूल केलं, "मी कोरिया पाहिलेलाच नाही रे."

"ते मना ठाव होतं, सायेब," तो हसला. "मी समजलो, तुमाला जवळा आवडत नाय."

जवळा मला फार आवडतो, हेही मग सांगून टाकलं.