मतदानाचं आग्रहाचं निमंत्रण

आमचे चुलतसासरे ज्या गोष्टीला विरोध करत नाहीत, अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. उभं आयुष्य मोटारींचे ब्रेक डिझाइन करण्यात गेलं, त्यामुळे काहीही पुढे सरकताना दिसलं की त्यांचा पाय आपोआप दाबला जातो, असं माझा नवरा म्हणतो. काकू गेल्यापासून काका इथे डेट्रॉइटजवळ नोव्हायला आमच्याकडेच असतात. डिशवॉशरला त्यांचा विरोध आहे, म्हणून ते भांडी आधी लख्ख घासतात आणि मग 'घाल आता तुझ्या त्या पेटीत' म्हणतात. नोव्हेंबरात इथे सगळे घड्याळ तासभर मागे घेतात, त्यालाही विरोध. मनगटावरचं घड्याळ तसंच ठेवून ते हिवाळाभर लोकांकडे तासभर आधी जेवायला पोचतात. एकदा यजमान टॉवेल गुंडाळूनच दार उघडायला आले, तर काकांनी उलट त्यांनाच 'सावकाश होऊ द्या' असा धीर दिला. पण सगळ्यांत कडवा विरोध अमेरिकन नागरिकत्वाला. तीसहून जास्त वर्षं ग्रीन कार्डावर काढली. मी कितीदा मागे लागले, पण उत्तर ठरलेलं, "मुंज एकदाच होते, सूनबाई. देशाच्या शपथेचंही तसंच."

अशा माणसाच्या मागे आमच्या नगरपालिकेने शेत लावलं. आमच्या कॉलनीमागे सोयाबीनची शेतं आहेत. तिथे घरं बांधायला परवानगी द्यायची की नाही, यावर मतदान जाहीर झालं. काकू गेल्यावर काका रोज सकाळी त्या शेताच्या कडेने एकटे चालतात. परत येतात तेव्हा डोळे लाल असतात आणि दोष ते वाऱ्याला देतात. शेत गेलं तर हा माणूस जाणार कुठे, ही धास्ती मला होतीच. नवरा म्हणाला, "काका, आपलं घर पण शेतावरच बांधलंय ना?"

"त्यालाही मी विरोध केला होता. तू ऐकलं नाहीस."

काका शेत वाचवायला निघाले, पण प्रचार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं लग्नाचं आमंत्रण. तेच त्यांनी केलं. पहिला मान वडीलधाऱ्यांचा, म्हणून सुरुवात शेताच्या कडेला राहणाऱ्या म्हाताऱ्या मार्गारेटबाईंपासून. मग घरोघरी जायचं, बसायचं, पाणी मागून प्यायचं, सगळ्यांच्या तब्येती विचारायच्या आणि उठताना दारात हात जोडून म्हणायचं, "ट्यूजडे! यू मस्ट कम. सहकुटुंब!" ज्यांच्या अंगणात घरं हवीत अशी पाटी होती, त्यांच्याकडे तर दोनदा गेले. मी कपाळाला हात लावला. "काका, ते लोक तुमच्या विरुद्ध व्होट करणार आहेत!"

"रुसलेल्यांना दोनदा बोलवायचं असतं. मागाहून कुणी म्हणायला नको, आम्हाला विचारलं नाही."

मंगळवारी त्यांनी आमची व्हॅन घेतली आणि वऱ्हाड पोचवावं तसं दिवसभर गावाला मतदान केंद्रावर पोचवलं, पाटीवाल्यांसकट. संध्याकाळी घरी आले, तर माझी मुलगी ओरडली, "मॉम! आजोबा व्होटेड! ही हॅज द स्टिकर!"

बघते तर स्वेटरवर मतदान केल्याचं गोल स्टिकर. ग्रीन कार्डवाल्याने मत दिलं तर देशाबाहेर काढतात, हे इथे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नवऱ्याने वकिलाचा नंबर शोधायला घेतला. आणि काका? ते हातपाय धुतल्याशिवाय बोलायला तयार नाहीत. धुतले, पुसले, चहा मागितला, आणि मग आमचे चेहरे बघून म्हणाले, "मत? मला कुठलं मत? मार्गारेटबाईंनी मिळालेलं स्टिकर काढून मला लावलं. म्हणाल्या, यू अर्न्ड इट."

मी आधी हसले आणि मग चक्क रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. परवानगी नाकारली होती. शेत वाचलं! मी शिरा केला, मुलगी आजोबांच्या गळ्यात पडली, नवऱ्याने पाटीवाल्यांच्या नावाने एक जास्तीचा घास खाल्ला.

काकांच्या मात्र ताटलीतला शिरा तसाच. मी विचारलं तसं म्हणाले, "सगळ्या गावाला मांडवात पोचवलं गं. मी आपला दिवसभर बाहेर गाडीत." मग त्यांनी खिडकीतून मागच्या शेताकडे बघितलं. "एका जरी मताने हरलो असतो ना, तर ते मत माझं असतं."

"ती शपथ कुठे घेतात?" त्यांनी विचारलं.

"डेट्रॉइटला, काका. कोर्टात."

"आपला पासपोर्ट मग परत द्यावा लागतो?"

"हो."

इतकी वर्षं मीच त्यांच्या मागे लागले होते, आणि आता जिभेवर आलं होतं, राहू द्या काका, नाही घेतलीत तरी चालेल. त्यांनी चमचा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"तू येशील ना बरोबर?" ते म्हणाले. "मला तिथे एकट्याला जमायचं नाही."