कप्तानांची सबब

चपलांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधल्या बोळात शिरलं, चार पायऱ्या खाली उतरलं की तंबूंचं दुकान लागतं. तिथे तंबू, स्लीपिंग बॅगा, घडीच्या खुर्च्या आणि छोट्या शेगड्या भाड्यानं मिळतात. सल्ला फुकट मिळतो. सल्ला देणाऱ्या गृहस्थांना सगळे कप्तान म्हणतात. ते ना कधी जहाजावर होते ना सैन्यात. मिशा आणि आवाज एवढ्या भांडवलावर गिऱ्हाइकांनी त्यांना ही बढती देऊन टाकली आहे.

शहर अवाढव्य. त्याच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथवर गवताचा माळ. आठवडा संपत आला की माणसांना शहराचा वीट येतो आणि ती कप्तानांच्या पायऱ्या उतरतात. कप्तान नकाशा काढत नाहीत. आधी विचारतात, "घोरतं कोण?" मग विचारतात, "भांडण झालं की आधी बोलायचं कोण बंद होतं?" उत्तरं ऐकून मान हलवतात आणि निकाल देतात.

"तुम्ही दोघं माळावर जा. डोंगरात जागा उतरती असते, रात्रभर एकमेकांच्या अंगावर घसराल. तुमचं सध्या तेवढं बरं चाललेलं दिसत नाही."

गिऱ्हाईक लाजतं, पण ऐकतं. एकदा एक साहेब आले आणि टेबल वाजवत म्हणाले, सगळ्यात उंच जागा हवी, आसपास माणूस नको. कप्तानांनी तशी जागा दिली. तिथे पहाटे मेंढ्यांचा कळप येतो आणि तंबूच्या दोऱ्या चघळतो, एवढं मात्र सांगायचं ते सोयीस्करपणे विसरले. साहेब परत आले तेव्हा त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

आता आतली गोष्ट. कप्तान जन्मात एकदाही तंबूत झोपलेले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत. त्यांचं सगळं ज्ञान परत आलेल्या तंबूंतून आलेलं. तंबू परत आला की ते तो जुन्या चादरीवर झटकतात, काय पडतं ते बघतात, शिवणींत नाक खुपसतात. कुसळं पडली की कुठला माळ, चिकट डिंक लागला की कुठली झाडं, तळाशी तांबडी ओल असली की कोणी पाण्याच्या वाटेत बिऱ्हाड थाटलं होतं, हे त्यांना लगेच कळतं. वर गिऱ्हाइकाला पाणी देऊन बसवायचं आणि रात्र कशी गेली ते खोदून खोदून विचारायचं. शेकडो लोकांच्या रात्री गोळा करून कप्तान शहाणे झाले होते. स्वतःची एकही रात्र त्यांनी त्यात घातली नव्हती, कारण त्यांना अंधाराची भीती वाटते. घरीसुद्धा पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू लागतो. पाणी प्यायला उठावं लागतं म्हणून, असं ते सांगतात. उठताना मात्र कोणी पाहिलेलं नाही.

ही भीती जगापासून लपवायला त्यांची हरकत नव्हती. खरी पंचाईत बायकोची होती. लग्न ठरवायला दोघं पहिल्यांदा भेटली, तेव्हा ती म्हणाली होती, "मला घरकोंबडा नवरा नको. तुम्ही डोंगरात राहिलाय का कधी?" कप्तानांना तंबूच्या दुकानात लागून जेमतेम महिना झाला होता. मुलगी आवडली होती. तोंडातून निघून गेलं, "कितीदा! एकटाच." त्या दोन शब्दांवर लग्न झालं आणि तेव्हापासून कप्तान त्या दोन शब्दांना जपत आले. हे खोटं निघालं तर आपल्यात तिनं पसंत करावं असं उरतं काय, हा प्रश्न त्यांना अंधाराइतकाच घाबरवायचा.

बायको बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावते. सकाळी टेबलावर बसली की फोन सुरू होतात. कोणाचं पोट बिघडलेलं असतं, कोणाच्या घरात नळ फुटलेला असतो. एका ड्रायव्हरची आजी बायकोच्या नोकरीच्या काळात चार वेळा वारली. ती दरवेळी हळहळते आणि म्हणते, "थाप मारायची तर थोडे कष्ट घ्या हो. माझ्यासाठी एवढंही करणार नाही?" आणि रजा नाकारते.

अशा बाईला कप्तान वर्षानुवर्षं सबबी सांगत आले होते. वर्षातून एकदा ती विचारायची, "अहो, जायचं का यंदा डोंगरात?" आणि कप्तान तयारच असायचे. एका वर्षी दुकानातल्या मांजरीनं घरासाठी बाजूला ठेवलेल्या तंबूत पिल्लं घातली आणि आईला हलवणं म्हणजे पाप. एका वर्षी पौर्णिमा आडवी आली. एवढ्या चांदण्यात माणसाला झोप लागत नाही आणि जागरणानं तिचं पित्त वाढलं असतं. सगळ्यांत सरस निघाली ती हरणांची. हरिणींना पाडसं झाली आहेत, माणसाचा वास लागला तर बिचाऱ्या दूध पाजायच्या नाहीत. हे सांगताना कप्तानांनी स्वतःचेच डोळे पुसले होते. बायको तो आठवडाभर खुशीत होती. गेल्या वर्षी मात्र ते दमले होते, वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "गुडघा दुखतोय." ती ताट उचलून आत गेली.

यंदा तिनं विचारलंच नाही. एका दुपारी ती दुकानाच्या पायऱ्या उतरली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली.

"अगं, तू इथे?"

"गिऱ्हाईक म्हणून आलेय. दोन माणसं, एक रात्र. विचारा तुमचे प्रश्न."

मागे माणसं उभी होती. कप्तानांनी घसा साफ केला. "घोरतं कोण?"

"नवरा."

"भांडण झालं की बोलायचं कोण बंद होतं?"

"मी. गेलं वर्षभर बंदच आहे, त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

रांगेत कोणी तरी खुसखुसलं. कप्तानांनी घाईघाईनं माळावर विंचू असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, बूट झटकून घालू. त्यांनी वाऱ्याची भीती घातली. ती म्हणाली, घरात उकडतंच आहे. शेवटी कप्तानांनी नाइलाजानं जुन्या पवनचक्कीजवळची जागा निवडली, कारण तिथून तंबू सगळ्यांत स्वच्छ परत येत. शनिवार ठरला.

शनिवारी दुपारी दोघं माळावर पोचली आणि कप्तानांना हायसं वाटलं. सगळं अगदी ओळखीचं निघालं. "आता पायाला कुसळं लागतील," ते म्हणाले आणि लागली. "त्या दगडापलीकडे मुंग्या," म्हणाले आणि होत्या. "सूर्य टेकला की वारा पवनचक्कीकडून येईल," हेही सांगून टाकलं. बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. कप्तानांची छाती फुगली. आपण खरंच इथे येऊन गेलो असू, असं त्यांना क्षणभर वाटूनही गेलं.

तंबू त्यांनी झोकात उभा केला. काठ्या सरकवल्या, कापड ताणलं, झिप लावून दाखवली. दुकानात हे रोजचंच होतं. मग दोऱ्यांची टोकं हातात घेऊन ते मागे सरकले आणि चाचपडू लागले. दुकानात फरशीला लोखंडी कड्या आहेत, दोऱ्या त्यांना बांधायच्या. इथे नुसतं गवत.

"अहो, जमिनीत ठोकायचं काही नसतं का?" बायकोनं विचारलं.

असतं की! खुंट्या असतात. त्यांचा डबा कप्तान प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात दाराशी देतात, "हे विसरलात तर माझी आठवण काढाल," असं म्हणून. पिशवीत खुंट्या भरायच्या नाहीत, कापड फाटतं, हा नियम त्यांचाच. आज दाराशी डबा देणारं कोणी नव्हतं, कारण देणारा स्वतःच गिऱ्हाईक होऊन बाहेर पडला होता.

तेवढ्यात सूर्य टेकला. कप्तानांनी सांगितला होता तसाच, सांगितला होता तिकडूनच वारा आला. तंबू दोनदा डुलला, मग उठला आणि चालू लागला. कप्तान मागे धावले. तंबू थांबायचा, ते जवळ गेले की पुन्हा निघायचा. शेवटी तो काटेरी तारेच्या कुंपणाला जाऊन भिडला आणि कप्तान त्याच्यावर पालथे पडले. बायको इतकी हसत होती की तिला गाडीचा आधार घ्यावा लागला.

फाटका तंबू ओढत कप्तान परत आले. मिशीत गवत होतं, गुडघा आता खरोखर दुखत होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अगं, मी डोंगरात कधी राहिलोच नाही," ते म्हणाले. "एकदाही नाही. तेव्हा खोटं बोललो."

"माहितीये."

"कधीपासून?"

"लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. डोंगरात एकटा झोपणारा माणूस पॅसेजमध्ये दिवा ठेवतो का?" तिनं गाडीतून पिशवी काढली. पॅसेजमधल्या दिव्याएवढा, बॅटरीवर चालणारा एक दिवा तिनं सोबत आणला होता. तो तिनं दोघांच्या मध्ये ठेवला आणि लावला.

कप्तान खाली बसले. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता. "मग दरवर्षी विचारायचीस कशाला?"

"ऐकायला. दिवसभर मेलेल्या आज्या आणि फुटलेले नळ ऐकते मी. तुम्ही मात्र महिनाभर आधी गप्प गप्प व्हायचात, कोपऱ्यात बसून जुळवाजुळव करायचात. ती हरणांची सांगितलीत तेव्हा वाटलं, एवढे कष्ट कोण घेतं बायकोसाठी?" ती थांबली. "आणि गेल्या वर्षी म्हणालात गुडघा. गुडघा तुम्ही आधी एकदा वापरला होता. तेव्हा दुखत होता तो दुसरा. मला वाटलं, संपलं. माझा कंटाळा आला यांना."

आपलं खोटं जपण्यात कप्तान इतके गुंतले होते की ते कोणासाठी जपतोय हेच गेल्या वर्षी विसरले होते. त्यांनी तिचा हात धरला. आजूबाजूला अंधार उतरत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पुढच्या वर्षी खुंट्या घेऊन येऊ," ते म्हणाले.

"छे हो! मुंग्या चावताहेत मला. पुढच्या वर्षी मी विचारणार आणि तुम्ही नाही म्हणणार."

कप्तानांनी लगेच मिशीवर हात फिरवला. "मग ऐक, पुढच्या वर्षी ना..."

"आत्ता नको," ती फाटका तंबू दोघांच्या खांद्यांवर ओढत म्हणाली. "वर्ष आहे अजून. नीट विचार करून सांगा."