पलीकडचा माणूस

मदिहा चहा पूर्ण गार झाल्यावर प्यायची. वडीलधाऱ्यांना फोन लावताना ओढणी डोक्यावर घ्यायची, पलीकडून दिसत नसलं तरी. मी कादंबरीतलं काही सांगायला लागले की विचारायची, "हे खरंच घडलं का?"

ती इस्लामपूरची. साताऱ्यात आम्ही एका खोलीत राहायचो. ती अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिचा प्रयोग साधा होता. दोन अनोळखी माणसं. एकाला दोनशे रुपये मिळतात. त्यातले दुसऱ्याला किती द्यायचे, ते त्यानं ठरवायचं.

प्रयोगशाळेत विद्यार्थी एकमेकांना आत येताना बघायचे, त्यामुळे पलीकडे माणूस आहे हे त्यांना ठाऊक असायचं. मदिहाला शेतकरी, दुकानदार, घरच्या बायका हव्या होत्या. कामं टाकून साताऱ्याला कोण येणार? तिनं प्रयोग मोबाइलवर घेतला.

तिथं अडलं. पलीकडे माणूस आहे, हे कुणाला पटेना. पटलं नाही तर सगळं संशोधन फुकट. दोघांना बोलू द्यावं, तर आवाजावरून गाव कळणार, बाई की पुरुष तेही कळणार; मग ती अनोळखी कुठली?

खंडाळ्याजवळचे आकाराम फौजेतून निवृत्त झालेले. ते फोनवर म्हणाले, "पोरी, पलीकडं मशीन हाय. मशीनला कशाला देऊ? समदं मीच ठेवतो."

"आवं काका, माणूस हाय. तुमी सांगा, त्यानं किती टाळ्या वाजवायच्या?"

"आठ. बघू तुझं मशीन."

मदिहानं दुसऱ्या फोनवरून आकारामांच्या जोडीदाराला, विट्याच्या इलाहीचाचांना, निरोप दिला. ते शिंपी. तिनं दोन्ही फोन जवळ धरले, मग टाळ्या ऐकू आल्या. सात. जरा वेळानं आणखी एक.

आकाराम मोठ्यानं हसले. "चुकलं की गड्या! माणूसच हाय. दे त्याला निम्मं."

त्यानंतर प्रत्येक जोडीला आधी टाळ्या. लोकांना पटू लागलं. मदिहा त्या महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली.

शेवटची जोडी रंगूबाईंची होती. ऐन वेळी पलीकडच्या बाईंना रेंज मिळेना. मदिहा म्हणाली, "मावशी, उद्या सकाळी जोडते."

सकाळी स्कूटीवरून कॉलेजला जाताना तिला ट्रकनं उडवलं. ती जागीच गेली.

चौथ्या दिवशी खोलीत राहिलेला तिचा दुसरा फोन वाजला. मी उचलला.

"पोरी, किती द्यायचं ते मी ठरवून बसलीया," रंगूबाई म्हणाल्या. "पलीकडचं माणूस आलं का?"

मी सगळं सांगितलं.

रंगूबाईंची जोडी लावायची राहिली आहे.