सुतापुढे थांबायचं असतं

आबाजींनी कधी कुठल्या गाडीला हात दाखवला नाही. गाडी थांबायची ती त्यांच्या पाठीकडे बघून. उजाडायच्या आधी ते गल्लीच्या मधोमध ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत पसरायचे, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत, बांबूच्या टेकूंवर कमरेइतकं उंच. मग भाताच्या पेजेची खळ कुंच्याने त्या सुतावर ओढत पुढेपुढे सरकायचे. याला आमच्याकडे पांजण म्हणतात. मागावर चढवण्याआधी सूत असं कडक करावं लागतं, आणि एवढी लांबी कुठल्याच घरात मावत नाही, म्हणून हे काम पिढ्यानपिढ्या रस्त्यावरच झालं. मागे हॉर्न वाजला तरी आबाजी मान वळवत नसत. म्हणायचे, "वाजवू दे. सूत वाळलं का जाईन तो."

आमच्या कोष्टीपुऱ्याचा नियमच होता तो. पसरलेलं सूत कोणी ओलांडायचं नाही. बैलगाडीवाले खाली उतरून बिडी ओढत बसायचे. प्रेतयात्रासुद्धा मागच्या बोळातून वळून जायची. आम्ही पोरं खेळता खेळता सुताखालून वाकून गेलो तर ज्याच्या दारात सापडू त्याचा धपाटा खायचो, घर कोणाचं का असेना. आबाजी धपाटा मारत नसत. ते विचारायचे, "तुह्या मायचं लुगडं कोणी तुडवलं तर चालन काय?"

माग एकेक करून बंद पडले. आबाजींचा आणि शेवटच्या घरचा, असे दोनच उरले. त्यात आमच्या गल्लीचं भाग्य उजळलं. सिमेंटचा रस्ता झाला. तो आम्हीच मागितला होता. पत्रक मीच लिहिलं होतं, नारळ फोडताना टाळ्याही वाजवल्या होत्या. पुढे बाजारचौकातला मोठा रस्ता नालीसाठी खोदला आणि घाटावरून रेती नेणाऱ्या टिप्परवाल्यांना आमची गुळगुळीत गल्ली सापडली. मोबाइलचा नकाशाही हीच गल्ली दाखवायला लागला. चौक पुन्हा बुजवला, पण गाड्या परत गेल्या नाहीत. कोंढ्याकडून येणारा, कारध्याकडे जाणारा, ज्याला म्हणून पाच मिनिटं वाचवायची घाई, तो आमच्या उंबऱ्यांवरून जायला लागला. उंबरा आणि चाक यांच्यात वीतभर अंतर. त्यात ट्यूशनला जाणारी मोटारसायकलवरची पोरं. कोणाच्या पाच मिनिटांसाठी कोणी जीव मुठीत धरून दार उघडायचं, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

मी तेव्हा एका संघटनेत पत्रकं लिहायचे. मला तीनच विशेषणं यायची: मुजोर, निगरगट्ट, झोपलेलं. पहिला अर्ज घेऊन आबाजींकडे सहीसाठी गेले, तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला. मग म्हणाले, "साहेबाले पयल्याच ओळीत शिवी देल्ली. आता तो खाली कायले वाचन?"

"खरं आहे ते लिहिलंय, आबाजी."

"खरं हाय, पण आपलं नाई. यात आपली गल्ली कोठी हाय? हे तर कोणत्याबी गावचं चालते."

मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. पहिलं घर, लक्ष्मीबाई, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, पायरी रस्त्यावर. दुसरं घर, जुळी पोरं, नुकती चालायला लागलेली. तिसरं घर, नवरा आंधळा, भिंतीला हात लावून नळावर जातो. असं घराघरानं. कोणाच्या घराला काहीच सांगण्यासारखं नसेल तर म्हणायचे, "लिही, म्हशी हायेत. म्हशीले ब्रेक नाई." तो अर्ज मी लिहिलेला सगळ्यात चांगला कागद होता, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं.

अर्ज घेऊन आम्ही दोघं नगरपालिकेच्या कार्यालयात गेलो, तिथल्या बाबूंनी तो वाचलाही. चांगला माणूस होता, चहा पाजला. म्हणाले, "गतिरोधक असा मागितला की देता येत नाही, ताई. जड वाहनं बंद करायची तरी कारण लागते. इथं अपघाताची नोंद आहे काय एखादी?"

"नाही. होऊ नये म्हणूनच आलो."

"मग अवघड आहे. नोंद असली तर फाइल पुढे सरकते."

आबाजी खुर्चीत पुढे वाकले. "म्हंजे साहेब, एक माणूस मागून राहिले तुमी?"

बाबू हसले. "तसं नाई हो आबाजी."

"नाई, आमी देऊ. पण कोणतं देऊ ते सांगा. लक्ष्मीबाई चालन?"

बाबू पुन्हा हसले नाहीत. अर्जावर शिक्का मारून पोच दिली.

येताना मी रस्त्यावर दगड टाकायची भाषा केली. आबाजींनी झिडकारली. रात्रीबेरात्री कोणाची बाळंतीण न्यायची असते, आपणच आपली गल्ली बंद करायची नसते. त्यांचा उपाय वेगळा होता. विणायला सूत पुरवणाऱ्या दुकानदाराने आता ते देणं बंद केलं होतं, त्यांच्या मागावर काही चढणार नव्हतं. तरी ते रोज पहाटे एक जुना ताणा पसरायला लागले. तोच ताणा, तीच खळ. टिप्पर थांबायचे. चालक त्यांना 'दोरीवाला बुढा' म्हणायचे. त्याचं त्यांना हसू यायचं. "दोरी नाई बाबू, ताणा हाय हा," असं दरेकाला समजावायचे. तेवढ्या वेळात गल्लीतल्या बायका नळावर जाऊन यायच्या. "पाहून राहिली ना," मला म्हणायचे, "बाहेरचा असो का गावचा, सुतापुढं माणूस थांबतेच."

इथे आबाजींची चूक झाली, आणि ती आमच्याच माणसाकडून होऊ शकते. ते धरून चालले होते की सुताचा मान जगात सगळ्यांना ठाऊक आहे. खरं कारण साधं होतं. पहाटेच्या अंधारात ओल्या सुतावर गाडीचे दिवे पडले की ते तारांसारखं चमकायचं, म्हणून चालक ब्रेक दाबायचे. मला हे कळायला हवं होतं. मी शिकलेली होते.

सरळ सांगते, पुढचं माझ्यामुळे झालं. मला पत्रकासाठी फोटो हवा होता: शाळेची वेळ, पोरं, सूत आणि पलीकडे अडलेला टिप्पर. मी म्हटलं, "आबाजी, उद्या दहा वाजता पसरा."

"उन्हात पांजण करत नाई, बाई. सूत तुटते."

"फोटोपुरतं."

कधी न पसरलेल्या वेळेला, फक्त माझ्यासाठी, त्यांनी सूत पसरलं. ताण्याच्या टोकाची दोरी रोज ज्या खांबाला बांधायचे, तिथं दिवसा वाहनं लावलेली होती. म्हणून दोरी मुठीला गुंडाळून स्वतःच ताण धरून उभे राहिले. मी पलीकडे मोबाइल घेऊन.

टिप्पर गल्लीत वळला तो वेग कमी न करताच. कोरडं पांढरं सूत, पांढरं सिमेंट, वर दहाचं ऊन. काही दिसलंच नसणार. टेकू काडीसारखे उडाले. सूत मागच्या चाकात गुंडाळलं गेलं आणि ताण्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले आबाजी ओढले गेले, सिमेंटवर, कमरेवर. सूत तुटलं तेव्हा सुटले. मी फोटो काढला नाही. नंबरही वाचला नाही. एवढी आंदोलनं केलेली मी, नुसती उभी राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवलं. मी त्याच आठवड्यात पोलिसांच्या कागदाची नक्कल घेऊन त्याच बाबूंसमोर बसले. म्हटलं, घ्या नोंद. त्यांनी सावकाश वाचलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. त्यात लिहिलं होतं, वाहनाची धडक नाही. स्वतःच्या हातातील दोरीत अडकून पडल्याने दुखापत. "हे अपघातात बसत नाही, ताई," ते म्हणाले. खालच्या आवाजात म्हणाले, त्यांनाही वाईट वाटत होतं. "उलट रस्त्यात अडथळा केला म्हणून यांच्यावरच केस येऊ शकते. तुम्ही फार ताणू नका."

मी खूप बोलले. तिन्ही विशेषणं वापरली. बाहेर आले तेव्हा हातात काहीच नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. आबाजींची सून औषधं आणायला खाली गेली होती. ते खाटेवर अर्धे झाले होते. मला बसायला सांगून म्हणाले, "फोटो आला काय चांगला?"

"नाही काढला, आबाजी."

"काहून? तेवढ्यासाठीच तर पसरलं होतं." मग, हीच गोष्ट विचारायची होती अशा आवाजात, "तो थांबला काय वं मंग? सूत तुटल्यावर?"

टिप्पर थांबला नव्हता. पुढच्या वळणावर त्याच्या चाकातून सुताच्या लांब पट्ट्या रस्त्यावर पडत गेल्या, आणि तो तसाच हायवेला लागला. मी आजवर कुठल्याही कागदात खोटं लिहिलं नव्हतं. याचा मला माज होता.

"थांबला," मी म्हटलं. "उतरून आला होता. हात जोडले त्यानं."

आबाजींनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. "पाह्य, म्हनलं होतं ना मी. त्याले दिसलं नसन, बस." मग म्हणाले, "त्याचं नाव अर्जात टाकू नको. लेकराबाळाचा असन."

मी हो म्हटलं. ते त्याच आठवड्यात गेले. त्यांचं शेवटचं सांगणं मी पाळलं असं सांगताही येत नाही. टाकायला नावच नव्हतं.