गच्चीवरची वांगी

लग्नानंतर मी दीपनगरच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. माहेरी दारापुढेच भाजी पिकायची. इथे होती फक्त मोकळी गच्ची. मातीच्या कुंड्या वर चढवणं जड, म्हणून मी गोणपाटाच्या पिशव्या शिवून त्यांत वांग्याची रोपं लावली. पावसाळ्यात पिशव्यांची बुडं कुजली आणि सगळी माती जिन्यावरून खाली वाहत गेली. नेमके तेव्हाच धरणगावहून सासरे आले होते. जन्मभर आपल्या वावरात कापूस पिकवलेले आबा हसून म्हणाले, "पिशवीमा कोठे शेती व्हस का, पोरी?"

मला ते फार लागलं. नवऱ्याच्या कामावरच्या जुन्या खाकी पँटी मी उसवल्या. ते जाड कापड दुहेरी करून दाभणाने शिवलं, पाणी निघायला तळाशी भोकं ठेवली आणि पिशव्या विटांवर मांडल्या.

हिवाळ्यात झाडांना भरिताची हिरवी, टपोरी वांगी धरली. आबा पुन्हा आले, तेव्हा त्यांनीच आणलेल्या कापसाच्या काड्यांवर मी ती गच्चीत भाजली. इमारतीतल्या सगळ्या घरांत भरीत गेलं. आबा तीनदा वाढून घेऊन जेवले.

निघताना त्यांनी रोपासकट एक पिशवी मागून घेतली. मी स्टँडवर सोडायला गेले, तर एसटीत ती मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "हे काय, आबा?"

"हाई मन्ही सूननं वावर शे," खिडकीतून माझ्याकडे बघत ते सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले.