चार बोटं वर

साताऱ्याहून निघताना बायकोने डबा हातात दिला आणि विचारलं, "आता या वयात कुणाची गाडी ओढायला चाललाय?" मी म्हटलं, "कुणाची नाही, आपलीच." रोपवाटिकेसाठी घेतलेली माझी जुनी पिकअप. मास्तरकी संपल्यावर हौसेने घेतली, आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं मला खपत नाही.

बोलावणं जनार्दनचं होतं. वसतिगृहातला माझा सोबती, कर्जत तालुक्यातल्या पोशीरचा. त्याच्या शेतावर वर्षानुवर्षं कामाला येणारे बुधाबाबा गेल्या आवणीत (भातलावणीत) बांधावरून घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चार पावलं टाकू लागले, पण तेव्हापासून मुक्काम जनार्दनच्या पडवीत. त्यांची वाडी वर डोंगरात, आणि वाटेत कातळाची एक पायरी. तिच्यावर रिक्षा, जीप, सगळ्यांचं पोट घासतं. "तुझी गाडी चढंल," असं जनार्दन फोनवर म्हणाला, आणि मी लगेच फुशारलो.

घाट उतरून खोपोली, तिथून कर्जत. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, एकाने भागेना म्हणून दुसरा घेतला. पुढे भात कापून मोकळी झालेली शेतं, त्यात ओलीवर वाढलेला हिरवा वाल, आणि डावीकडे माथेरानचा लांबलचक डोंगर. पोशीरला पोचलो तर बुधाबाबा पडवीत खांबाला टेकून बसलेले. हडकुळा देह, डोळे मात्र गाडीवर.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. जेवताना मी सहज विचारलं, "बाबा, वाडीची पोरं डोलीतून का नेत नाहीत तुम्हाला?"

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "मास्तर, डोलीतून आजारी मानूस खाली येतो. वर डोलीतून गेलेला जिता मानूस मी बगितला नाय. मी बसून जानार. सोनीच्या समोर बसून जानार."

सोनी म्हणजे त्यांची म्हातारी. शेरडं आणि घर सोडून तिला खाली राहता येईना. दर आठवड्याला बाजाराला उतरायची, नवऱ्याजवळ घटकाभर बसायची आणि पुन्हा चढायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी एकटाच गाडी घेऊन वर गेलो. तालीम म्हणा. कातळाच्या पायरीवर पुढची चाकं चढली आणि खालून असा खर्रर्र आवाज आला की माझ्याच बरगड्या खरवडल्यासारखं झालं. गाडी पोटावर टेकली. च्यायला! वाडीतल्या सहा जणांनी मागे ओढून काढली. परत आलो तेव्हा बुधाबाबांनी गाडीकडे एकदा बघून मान फिरवली. ते मला जास्त लागलं.

"खोपोलीत दत्तू मिस्त्री हाय," जनार्दन म्हणाला. "घाटातल्या ट्रकांचे पाटे तोच बनवतो."

पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी कमानी, एकावर एक रचलेल्या पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. त्याच दिवशी गाडी खोपोलीला नेली. दत्तू मिस्त्री मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत हात घालून बोटांनी मोजत होता. मी खिशातून टेप काढला तर हसला. "ठेवा तो. चार बोटं वर घेतो. पुढं एक पाटा वाढवतो, मागं दोन. शॉकअप लांबवाला टाकतो, ब्रेकचा पाइप पन लांब, नायतर ताणून तुटंल. जास्त वर नको, उलटाल कुटंतरी."

"घ्या घ्या."

"माल काय असतो?"

"माल नाही. एक म्हातारा माणूस."

त्याने पाना खाली ठेवला. "मंग कडक लागंल हां, मास्तर. पाटे वजनाला वाकतात, मानसाला नाय."

मी "बघू" म्हणून विषय उडवला. मला उंची दिसत होती, बाकी काही नाही. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरवली तेव्हा ती अशी ऐटीत उभी होती की मी दोनदा भोवती फिरून आलो.

तिसऱ्या दिवशी बुधाबाबा धुतलेला सदरा घालून माझ्या शेजारी बसले. मी जनार्दनला बजावलं, "मागे तुझ्याशिवाय कुणी चढायचं नाही. आजारी माणूस आहे, गाडी रिकामी पाहिजे." तो काहीतरी बोलणार होता, पण माझा मास्तरी आवाज लागला होता. तो एकटाच मागच्या हौद्यात चढला.

पहिल्याच खड्ड्यात गाडी उडाली. दुसऱ्यात आपटली. बैलगाडी परवडली! मी गोगलगाईसारखी चालवली तरी प्रत्येक दगड थेट सीटमधून वर येत होता. बाबांनी दरवाजाची मूठ आवळून धरली होती, कपाळावर घाम. डोंगराच्या पायथ्याला फाट्यावर मी गाडी थांबवली. चार बोटं उंची मिळवायच्या नादात मी म्हाताऱ्याचं हाड पुन्हा मोडायला निघालो होतो. "बाबा, परत फिरू या," मी म्हणालो.

फाट्यावर वाडीची बायामाणसं बाजार करून बसली होती. तांदळाची पोती, कौलं, मिठाच्या पिशव्या. त्यात सोनीआजीही होती, मांडीवर गाठोडं घेऊन. वर जाणारी गाडी तिथे थांबते आणि जो असेल तो, जे असेल ते घेते, हा तिथला रिवाज. आम्ही थांबल्याबरोबर सगळी उठली, पण माझा चेहरा बघून तिथेच घुटमळली.

बुधाबाबांनी काच खाली केली. "या गं, चढा. आनि तो तांदूळ घ्या आदी. वाडीला रिकामी गाडी नेत्यात काय, मास्तर?"

"अहो, पण तुम्हाला त्रास..."

"आता काय सुक लागलंय?"

पोती चढली, कौलं चढली, माणसं चढली. मी उतरून मागे बघितलं. गाडी दोन बोटं खाली बसली होती. दत्तू मिस्त्रीचं बोलणं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

निघालो. पहिला खड्डा आला, आणि गाडी नुसती डोलली. दुसरा आला, तीच गत. पाटे वाकत होते, सरळ होत होते. बाबांनी मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

कातळाची पायरी आली. चारातली दोन बोटं उरली होती. मागून जनार्दन ओरडला, "उतरू का रं सगळी?" मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "बसू द्या." पहिला गिअर. पुढची चाकं चढली. मी श्वास रोखून खालच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आलाच नाही. मागची चाकं चढली आणि हौद्यात जो कल्ला उठला! मी स्टिअरिंगवर डोकं टेकून खुशाल रडलो. मास्तर असलो म्हणून काय झालं?

घरासमोर बाबा स्वतः दार उघडून, काठी टेकत उतरले. सोनीआजी हौद्यातून आधीच उतरली होती. ती नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "शेरडू व्यालंय. दोन हायेत." आणि दोघं ते बघायला गोठ्याकडे गेली. आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

साताऱ्याला परतलो तर बायको आठवडाभर कुरकुरत होती. रिकाम्या गाडीत तिची कंबर धरते. "ते वाढवलेले पाटे काढून टाका," म्हणाली. मी गॅरेजवाल्याला वेळही विचारून ठेवली.

काल जनार्दनचा फोन आला. खुबा दाखवायला बुधाबाबांना पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे न्यायचंय. एकदा खाली आलेला हा माणूस महिनोन्महिने खालीच अडकला होता, म्हणून मी भीत भीत विचारलं, "तयार आहेत का?"

"लगेच तयार," जनार्दन म्हणाला. "म्हनले, मास्तर परत आनून सोडतो, मंग खाली जायला कसली भीती?"

मी गॅरेजवाल्याला नको म्हणून कळवलं.