ओला झाला की जागा होणारा गोटा

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर मी सौंसरच्या कंडक्टरची नक्कल करून राहिलो होतो. शिट्टी, पानाची पिचकारी, "चला, मांगं सरका" सारं. पोट्टे हसून राहिले होते. तेवढ्यात खरा कंडक्टरच बसमधून उतरला. रोज तो मले एक शिवी देते अन् मंग चहा पाजते. त्या दिवशी खांद्यावर हात ठेवला अन् म्हणे, "घरी सांग. तुहा दामूभाऊ गेला. नागपुरात, पहाटे." माह्या तोंडात अजून त्याचाच आवाज होता... गिळून टाकला.

दामूभाऊ माहा मामेभाऊ. सौंसरले टेलरिंगचं दुकान. लोकाईच्या बेलबॉटमच्या पायाच्या मोहऱ्या लहान करून करून त्याचे डोळे अधू झाले होते, पण मोहगावच्या वावरात पडलेला गोटा त्याले बसच्या खिडकीतून दिसे. तिथं नांगराले असे गोटे लागतात, जे कोण्या काळी झाडं होते, फळं होते, अन् जमिनीत राहून राहून दगड झाले. लोक ते बांधावर फेकून देतात. दामूभाऊ उचले, शर्टाले पुसे अन् सरळ जिभेनं चाटे. वाळल्या गोट्यात काही दिसत नाही. ओला झाला का आतल्या रेषा वर येतात. "पाय बे," गोटा माह्या डोळ्यापुढं धरून म्हणे, "जागा झाला." सारं सौंसर त्याले चाट्या टेलर म्हणे, अन् ही नक्कल मी लग्नालग्नात करून दाखवो. गोटे तो शिवणाच्या कातरणात गुंडाळून ठेवे. वहिनी चिडे, "पाटलीणबाईले कापड उरलं नाही म्हणून सांगतलं तुमी, अन् हे काय गुंडाळलं?" "तिच्यापेक्षा याले थंडी जास्त वाजते." झालं, वहिनी हसे.

त्यातला एक गोटा त्याच्या जिवाचा होता. लिंबाएवढं फळ, वर देठाची खूण. वैद्यबुवा म्हणे हिरडा, शाळेतले गुरुजी म्हणे बेल, अन् एक बगीचेवाला तर म्हणे माह्याच बगीच्यातलं संत्रं. दामूभाऊले एवढंच पाहिजे होतं... नाव. "कोण्या झाडाचं लेकरू हाये हे, तेवढं समजलं का मी मोकळा," म्हणे.

शेवटी आमी दोघं नागपूरले एका कॉलेजातल्या प्रोफेसरकडे गेलो. भला माणूस. भिंगातून पाहता पाहता खुर्चीतून उभाच राहिला. "फळ आहे, यात शंका नाही," तो म्हणाला. "पण कोणतं, ते कापल्याशिवाय कळणार नाही. कापून, घासून, कागदासारखी पातळ चकती करावी लागेल." दामूभाऊनं गोटा हळूच उचलला, कातरणात गुंडाळला, हात जोडले. बसमध्ये मी म्हटलं, "तू त जनमभर कापतच आला, मंग याले काहून भेतं?" सौंसर आल्यावर बोलला, "म्हणूनच त. कापलेल्या कापडाचं पुन्हा अख्खं थान होत नाही बे."

मंग त्याच्या पोटात गाठ निघाली. नागपूरचा डॉक्टर म्हणे, उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दामूभाऊनं माह्याकडे पाहिलं अन् पोट धरून हसाले लागला. "हाही प्रोफेसरच निघाला." दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मले प्रोफेसरचा आवाज काढाले लावे. शेजारचे पेशंटही हसत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणे, "बरा झालो का त्या गोट्यालेही प्रोफेसरकडे घेऊन येऊ. मी कापून घेऊन राहिलो, त त्यानं काहून भ्यावं? दोघाईचं नाव समजून जाते."

त्याच्या गाठीचं नाव समजलं. घरात कोणी ते तोंडानं घेत नाही.

तेरवी झाली अन् मी गोटा उचलला. "वहिनी, नागपूरले नेतो. त्याच्या मनात होतं." वहिनीनं तो माह्या हातातून काढून घेतला. मशीनच्या फळीवर त्याच्या जागी ठेवला, कातरण नीट केलं. "एकाले कापलं ना," म्हणे. "बस झालं."

परवा पुन्हा गेलो होतो. मशीनवर चादर टाकलेली, त्यावर गोटा. वहिनीनं चहा ठेवला अन् खाली पाहत म्हणे, "साऱ्याईचे आवाज काढता तुमी. त्याईचा काढा ना."

ज्या आवाजावर मांडवच्या मांडव हसत होते, तोच निघेना. घसा खाकरला, पाणी पेलो... काही नाही. मंग गोट्याचं कातरण सोडलं अन् चाटला. मातीची चव, वरून मशीनच्या तेलाची. हळूहळू रेषा वर आल्या.

"पाय बे," आवाज आपोआप निघाला, "जागा झाला."

वहिनी रडली नाही. गोटा हातात घेऊन, वाळेपर्यंत पाहत राहिली. रेषा गेल्या. मंग तो माह्यासमोर धरला अन् म्हणे, "अजून एक डाव."